सोनटक्क्यांची ट्रायल

सोनटक्क्यांनी पहिल्याच भेटीत माझं चहा पिणं मोजलं. चहा त्यांच्याच घरचा, त्यांनीच केलेला. मी कप खाली ठेवला तसा त्यांनी गळ्यातल्या स्टॉपवॉचचा खटका दाबला आणि म्हणाले, "अकरा मिनिटं चाळीस सेकंद. त्यातलं पिणं फक्त दोन मिनिटं बघा. बाकी सगळं फुंकणं, बोलणं आणि खिडकीतून बघणं."

मी ओशाळून म्हणालो, चहा जरा गरम होता.

"गरम नव्हता की ओ. तुमच्यासंगंच ओतला मी. माझा साडेतीन मिनिटांत संपला. राग मानू नका. हे रिजेक्शन नाही, नुसतं ऑब्झर्वेशन."

आमच्या निगडीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे हे सोनटक्के मूळचे औशाकडचे. आधी भोसरीला आणि मग चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं टाइम स्टडीत काढली. टाइम स्टडी म्हणजे कामगाराच्या मागे उभं राहून तो एक नग बनवायला किती वेळ घेतो ते मोजायचं. असा माणूस शेडमध्ये शिरला की सगळ्यांचे हात जड होतात. कुणाला तहान लागते, कुणाला मशीनला तेल घालायचं अचानक आठवतं. तीस वर्षं ज्याला बघून लोकांनी कामं हळू केली, त्याला मित्र किती असणार?

निवृत्त झाल्यावर मोजायला मशीन उरलं नाही, म्हणून त्यांनी सोसायटी मोजायला घेतली. लिफ्ट आमच्या मजल्यावर बावीस सेकंदांत येते आणि तेवढ्या वेळात मी तीनदा बटण दाबतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. चौथ्यांदा दाबायचं मी तेव्हापासून सोडलं. माझ्या चारित्र्यात गेल्या दहा वर्षांत झालेली ही एकमेव सुधारणा.

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "आधी ट्रायल घ्या, मग बोला." नवीन झाडू आणला तरी ट्रायल. गणपतीत आरतीला किती लोक मावतात याची ट्रायल. लग्न का केलं नाही असं एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "तिथं ट्रायलची सोयच नाही न ओ. डायरेक्ट प्रॉडक्शन."

आता माझ्याविषयी. मी खैरे. चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीत पर्चेसला आहे. नट, बोल्ट, हातमोजे, फिनेल असं सगळं विकत घेतो, आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय काहीही घेत नाही. हा कंपनीचा नियम आहे, पण तो माझ्या हाडांत शिरला. हॉटेलात काय मागवायचं हे मी आधी बायकोला, मग वेटरला आणि शेवटी शेजारच्या टेबलाला विचारतो. माझी बायको अनघा म्हणते की मला स्वतःचं मत नाही. तिचं हे म्हणणं बरोबर आहे, असं आणखी दोघांनी सांगितलं.

अशा माणसाला शाळा उघडायच्या समितीवर घेतलं, यावरून तो काळ किती कठीण होता ते कळेल.

कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती. आधी मोठ्या मुलांचे वर्ग सुरू झाले आणि मग धाकट्यांची पाळी आली. शाळा उघडायला परवानगी होती, पण कशी उघडायची ते आमच्या शाळेनं आपलं आपण बसवायचं होतं, आणि प्रत्येक पालकाची लेखी संमती हवी होती. मुख्याध्यापिका बर्वेबाईंनी पालकांची सभा बोलावली. "समितीसाठी एक पालक पुढे या," असं त्या म्हणाल्या आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. सभा संपली की काय ते बघायला मी मान वर केली. तेवढ्यात माझं नाव लिहून झालं होतं.

सोनटक्के तिथे पहिल्या बाकावर आधीच बसलेले. त्यांचं नाव बाईंनी सगळ्यात आधी लिहिलेलं. मी विचारलं, "तुमचं कोण आहे इथे?"

"सहावीत एक मुलगी हाय. तिचा पालक म्हणून नाव लावलंय."

भाची असेल, पुतणी असेल. मी पुढे विचारलं नाही. मला त्या दिवसांत माझ्याच मुलीची काळजी पुरून उरली होती.

माझी मुक्ता तेव्हा दुसरीत होती, म्हणजे कागदावर. शाळेचा वर्ग तिनं डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तिच्या लेखी शाळा मोबाइलमध्ये राहत होती आणि बाई म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोन. पहिल्या वर्षी ती त्या चौकोनाला "प्रेझेंट" तरी म्हणायची. दुसऱ्या वर्षी तेही बंद झालं. जेवताना आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, काही विचारलं की ती म्हणायची, "आजी, तुझा आवाज येत नाहीये." पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो. मग ती तेवढंही बोलेनाशी झाली, टेबलाखाली जाऊन बसायला लागली, आणि आमचं हसणं थांबलं.

दुसऱ्या बाजूला आईचा दमा. मुक्तानं शाळेतून काही आणलं आणि ते आईला झालं तर? संमतीपत्रावर दोनच चौकोन होते, "होय" आणि "नाही". मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले पाठवा. मेव्हण्याला विचारलं, तो म्हणाला मुळीच पाठवू नका. तिसरं कोटेशन म्हणून आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मेल्या, माझ्या नावावर बिल फाडू नकोस. तुझी पोर आहे, तू ठरव." मी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि तीन आठवडे तसाच हिंडलो.

समितीचं काम मात्र सोनटक्क्यांनी दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. सकाळी सात वाजता ते मला घेऊन शाळेच्या नळांपाशी गेले. सहा नळ, त्यातले चार चालू. "धुवा हात," म्हणाले. मी धुतले.

"अठ्ठावन्न सेकंद. नळ बंद झाला का हे तुम्ही दोनदा बघायलाव. मुलं बघणार नाहीत, म्हणून चाळीस धरू. निम्म्या पटाला बोलवायचं म्हणजे एकशे ऐंशी मुलं, चार नळ. अर्धा तास. येताना, डब्याआधी आणि जाताना. झालं की दीड तास!"

"आणि शाळा किती तासांची?" मी विचारलं.

"तीन."

म्हणजे निम्मी शाळा हात धुण्यात जाणार होती. बर्वेबाई कपाळाला हात लावून बसल्या. पण सोनटक्के तिथे थांबणारे नव्हते. त्यांनी नारळाच्या दोरीला जाळीच्या पिशव्या बांधून त्यात साबणाच्या वड्या टांगल्या. मुलांनी रांगेतच हात ओले करून साबण चोळायचा आणि नळावर नुसते खळबळून घ्यायचे. चाळीसाचे पंधरा सेकंद झाले. मग त्यांनी कारखान्यातला पिवळा रंग आणून मैदानभर सहा-सहा फुटांवर पावलं रंगवली. एक पाऊल बर्वेबाईंसाठी त्यांच्या टेबलापाशीही काढलं आणि त्या मागे सरकल्या तर त्यांनाही हातानं खूण करून जागेवर आणू लागले.

वर्गात हवा खेळते की नाही हे बघायला त्यांनी प्रत्येक वर्गात उदबत्ती लावली. धूर कुठे जातो ते टिपत, पाठीमागे हात बांधून ते हळूहळू फिरत होते. शिपाई मागून आला, चपला काढल्या, हात जोडले आणि प्रसादाचं विचारलं. दुसरीच्या वर्गात धूर जागच्या जागी घुटमळला, तर यांनी दाराच्या वरची झडप काढून टाकली. मुक्ताचाच वर्ग तो. मला बरं वाटलं, पण कागद पाकिटातच राहिला.

मग आली मोठी ट्रायल. मुलांना बोलवण्याआधी पालकांनी मुलं व्हायचं, असं सोनटक्क्यांनी ठरवलं. नवीन लाइन सुरू करताना कारखान्यात पहिला नग काढतात, तपासतात, आणि तपासणारा सही करतो. ती सही झाल्याशिवाय दुसरा नग काढायचा नाही. "पहिला नग पास झाल्याशिवाय मी लाइन सोडत नाही. मग कुणी का सांगेना," असं ते म्हणाले.

एका रविवारी आम्ही पंचवीस पालक दप्तरं घेऊन शाळेत गेलो. मी मुक्ताचंच दप्तर घेतलं होतं, त्यावर एक गुलाबी ससा होता. साबण रांगेत चोळला, पावलांवर उभे राहिलो, सगळं झकास. वर्गात बाकात बसताना मात्र माझं पोट डेस्कच्या कडेला टेकलं आणि मी अडकलो. बर्वेबाई साताचा पाढा घेत होत्या. नेमकं मला उठवलं. उठता येईना, आणि सात आठेही आठवेना. मागच्या बाकावरचे बोडके, हे ताथवड्याच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवतात, त्यांना माझी दया आली. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाले, "छप्पन्न."

सोनटक्क्यांनी शिट्टी वाजवली.

खरा घोटाळा डब्याच्या सुट्टीत झाला. आपापल्या बाकावर बसून, भिंतीकडे तोंड करून, दहा मिनिटांत डबा खायचा असं ठरलेलं होतं. पहिली दोन मिनिटं आम्ही शहाण्यासारखे बसलो. मग बोडक्यांनी डबा उघडला आणि ठेच्याचा वास सुटला. दोन वर्षं आम्ही कुणाच्या घरी जेवलो नव्हतो, कुणी आमच्याकडे आलं नव्हतं. कुणीतरी नुसतं "काय आणलंय राव?" म्हणालं. पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही. एवढंच कळलं की आम्ही सगळे एका बाकाभोवती गोळा झालो होतो, माझं थालीपीठ तिसऱ्याच माणसाच्या तोंडात होतं आणि माझ्या हातात कुणाचीतरी गूळपोळी. समितीचा सदस्य म्हणून मी सगळ्यांना लांब व्हायला सांगायला हवं होतं. मी मात्र "अजून ठेचा आहे का?" असं विचारलं, याला साक्षीदार आहेत.

"रिजेक्ट!" सोनटक्के ओरडले. "अख्खा लॉट रिजेक्ट!"

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रागापेक्षा त्यात काहीतरी वेगळं होतं. आम्ही मात्र पोरांसारखे खिदळत होतो.

त्यानंतर आणखी दोन ट्रायली झाल्या. बाकी सगळं पास होत गेलं, डबा मात्र अडला. बर्वेबाई म्हणाल्या, डबाच नको, तीन तासांची तर शाळा. सोनटक्के म्हणाले, "मुलं लपून खातील. लपून खातील ते जास्त वाईट." कुणी म्हणालं, शिक्षक पहारा देतील. ते म्हणाले, पहाऱ्याची ट्रायल घ्या. घेतली आणि शिक्षकांनीच एकमेकांच्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली. सोनटक्क्यांच्या तपासणीच्या तक्त्यावरची सगळी घरं भरली होती, शेवटचं तेवढं कोरं होतं, आणि ते कोरं आहे तोवर मी सही करणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं.

पालकांच्या ग्रुपवर लोक चिडले. "एका डब्यापायी शाळा अडवली." "ह्यांना ना मूल ना बाळ, ह्यांना काय कळणार?" मीही त्या वाक्याला पसंतीचा अंगठा दाखवला होता. आता ते लिहिताना लाज वाटते, पण दाखवला होता.

शेवटी बर्वेबाईंनी मला गाठलं. शनिवारपर्यंत समितीच्या सह्यांचा कागद शिक्षण विभागाकडे गेला नाही तर धाकट्यांचे वर्ग पुढच्या सत्रावर जाणार होते. "तुम्ही पर्चेसला आहात. लोकांकडून सह्या घ्यायची तुम्हाला सवय असेल," असं त्या म्हणाल्या. स्वतःचा कागद तीन आठवडे पाकिटात घेऊन फिरणारा मी, दुसऱ्याची सही आणायला निघालो.

शुक्रवारी संध्याकाळी सोनटक्क्यांच्या घरी गेलो तर दार उघडंच होतं. आत एक बाई खुर्चीच्या कडेला टेकून बसल्या होत्या. अंगावर कंपनीचा निळा कोट, पायात सेफ्टी बूट, हातात संमतीपत्र. सोनटक्के समोर मान खाली घालून उभे.

"या खैरे साहेब," ते म्हणाले. "ह्या सुनंदा थोरात. सहावीतल्या गौरीच्या आई."

सोनटक्क्यांनी पालक म्हणून नाव लावलं होतं ती मुलगी हीच. मी बसलो. सुनंदाबाई मला म्हणाल्या, "तुमी समितीवर हाय न्हवं? मग तुमीच सांगा ह्यांना. मी पाच दिस झालं येती. हे व्हय बी म्हणत न्हाईत आन् न्हाई बी म्हणत न्हाईत."

"मी कसं सांगू वहिनी?" सोनटक्के म्हणाले. "एकदा सांगून बसलोय."

मग त्यांनी ते मला सांगितलं. मध्ये मध्ये थांबून, पण सगळं.

पहिल्या टाळेबंदीनंतर कंपनी पुन्हा सुरू करायची होती. लाइन कशी चालवायची, माणसं किती अंतरावर उभी करायची, गेटवर काय, बसमध्ये काय, हे सगळं बसवायचं काम सोनटक्क्यांकडे आलं. त्यांनी ते जीव तोडून केलं. ट्रायल घेतली, पहिला नग पास केला, सही केली. लाइनवरचा थोरात तेव्हा मावळात गावी होता आणि यायला घाबरत होता. हा थोरात म्हणजे सोनटक्क्यांचा तीस वर्षांतला एकुलता एक मित्र. त्यांना बघून ज्याचे हात जड झाले नाहीत असा एकच माणूस.

"मीच फोन केला त्याला. म्हटलं, ये. लाइन ओके हाय. माझी सही हाय त्यावर. तर आला. सगळं मोजलं होतं ओ मी. फक्त जेवणाची सुट्टी नाही मोजली. सुट्टी म्हणजे काम नाही, म्हणून सोडून दिली. आणि सुट्टीत आम्ही दोघं एकाच डब्यात जेवायचो. वहिनीच्या हातची भाकरी. पंधरा वर्षांची सवय. दोघांनाही एकाच आठवड्यात झाला. मी घरी आलो. तो नाही आला."

कुणी कुणाला दिला हे त्यांना आजही माहीत नाही. नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना त्यांनी कंपनी सोडली. आम्ही सगळे समजत होतो की वयानुसार निवृत्त झाले.

माझ्या डोळ्यांसमोर ठेच्याभोवती गोळा झालेले आम्ही पंचवीस जण आलो. माझा "अजून ठेचा आहे का?" हा प्रश्न मला माझ्याच कानांनी ऐकू आला. मी गुन्हेगारासारखा सतरंजीकडे बघत बसलो.

सुनंदाबाई मात्र रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझा मालक गेला त्याचं बिल मी तुमच्यावर कदीच फाडलं न्हाई. आज बी फाडत न्हाई. पर तुमाला एक सांगते. मी फस्ट शिफ्टला जाती तवा पोरीला आत ठिवून भाईरनं कडी घालती. तिनं दोन वर्सं घास बी भितीकडं बघूनच खाल्लाय. आन् तुमी शाळंत बी तिला भितीकडंच तोंड करून बसवणार, तर मग शाळा कशाला उघडताय? घरची भीत हाय की तिला."

सोनटक्के त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"मग कसं बसवू?" सोनटक्क्यांनी विचारलं. तीस वर्षांत कुणाला त्यांनी असं विचारलं असेल असं मला वाटत नाही.

"लावणीच्या येळी आमी बांदावर कसं बसतो? लांब लांबच बसतो, चिखलाचं पाय घेऊन. ज्येचा त्येचा डबा ज्येच्या त्येच्या मांडीवर. पर तोंड समद्यांची समद्यांकडं. बोलणं व्हतं, हसणं व्हतं. भाकरी दुसऱ्याच्या हातची न्हाई खाल्ली तरी चालतं भाऊ. दुसऱ्याचं त्वांड दिसाया पायजे."

सोनटक्के उठले. त्यांनी कागद घेतला आणि एक गोल काढला. मैदान किती फूट, एका गोलात किती मुलं, किती गोल. पेन्सिल झरझर चालायला लागली. उघड्यावर, चिंचेच्या सावलीत, सहा-सहा फुटांवर, पण गोलात. मोठ्यानं बोलत ते आकडे मांडत होते आणि सुनंदाबाई मधूनच "ऊन तिकडनं येतंय, हिकडं घ्या" असं दुरुस्त करत होत्या. अर्ध्या तासात तक्त्यावरचं शेवटचं घर भरलं.

तरी सहीपाशी पेन अडलं.

सुनंदाबाईंनी आपला कागद टेबलावर ठेवला, "होय"च्या चौकोनात खूण केली आणि एकेक अक्षर काढत सही केली. "हे बगा," त्या म्हणाल्या, "मी माझ्या मनानं केली. तुमी सांगितलं म्हणून न्हाई. आता तुमचं तुमी करा."

सोनटक्क्यांनी सही केली.

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी पाकिटातून कागद काढला. घड्या पडून पडून तो चार ठिकाणी फाटायला आला होता. "होय"वर खूण केली. आईचा दमा कुठे गेला नव्हता, माझी भीतीही गेली नव्हती. पण टेबलाखाली बसलेली मुक्ता मला दिसत होती. एवढी साधी गोष्ट ठरवायला मला तीन आठवडे लागले आणि एका बाईचं अख्खं आयुष्य ऐकावं लागलं, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी रजा टाकली होती. मुक्तानं माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की गेटपाशी बर्वेबाईंना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती रडली नाही, नुसती मागे वळून वळून बघत आत गेली. मी बाहेर फुटपाथवर थांबलो. सोनटक्के तिथे होतेच. गौरीला तेच घेऊन आले होते, सुनंदाबाई फर्स्ट शिफ्टला गेल्या होत्या.

तीन तास आम्ही दोघं तिथे उभे. डब्याच्या सुट्टीत सोनटक्के गेटच्या गजाला धरून आत बघत राहिले. मैदानात खडूचे गोल होते आणि गोलांत मुलं. लांबून त्यांचं बोलणं कळत नव्हतं, नुसता गलका येत होता. दोन वर्षांत तो आवाज कानावर पडला नव्हता. मी चष्मा पुसला. सोनटक्क्यांकडे बघायचं धाडस केलं नाही.

शाळा सुटली. गौरी बाहेर आली ती दोन मैत्रिणींशी तावातावानं बोलतच. बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "काका, उद्यापासून नका हं येऊ सोडायला. ह्या दोघी माझ्याच रस्त्यानं येतात. आम्ही तिघी मिळून येणार-जाणार."

"बरं," सोनटक्के म्हणाले.

"म्हणजे रागावू नका."

"छे गं. चांगलंच हाय की."

त्या तिघी चालायला लागल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत सोनटक्के बघत होते. मग माझ्याकडे वळून, चेहरा हसरा ठेवायची बरीच खटपट करून म्हणाले, "झालं. गाडी रुळावर आली पोरीची. महिना झाला, रोज सकाळी उठलं की शाळेचंच काम होतं बघा. आता उद्या सकाळी मी काय करू हो, खैरे साहेब?"

मुक्ता एव्हाना येऊन माझ्याजवळ उभी राहिली होती. मी म्हणालो, "उद्या मुक्ताला तुम्ही सोडता का? मला सकाळी बस गाठायची असते. फार धावपळ होते हो."

सोनटक्के खाली वाकले. "चालंल का गं तुला?"

मुक्तानं त्यांना वरून खालपर्यंत बघितलं. मग गळ्यातली पाण्याची बाटली काढली आणि धरायला त्यांच्या हातात दिली.

शाळा साडेसातची आहे आणि माझी बस सव्वाआठला येते, हे मी दोघांनाही सांगितलं नाही.